अक्रोडबागेचे दगड

२ नोव्हेंबर १८८३, एल नोगाल

क्लोरिंदा, पोरी, उशीर झाला, माफ कर. माझ्या नामदिनाला, माझ्या नावाच्या संताच्या सणाला, तू ही वही पाठवलीस आणि निरोप दिलास, "बाबा, मला पत्र लिहायला लाज वाटत असेल तर निदान स्वतःशी तरी लिहा." मी वही कपाटात ठेवली आणि तिच्यावर हिवाळ्याची टोपी ठेवली. आज टोपीला कसर लागली का बघायला गेलो, तर वही दिसली. तू ती वाचणार नाहीस. पण तुझ्याशी बोलतोय असं धरलं तरच मला शब्द सुचतात.

शब्दांचं माझं असंच. इतकी वर्षं सांतियागोच्या प्रतिनिधिगृहात बसलो, पण तोंड एकदाच उघडलं, तेही खिडकी लावा म्हणायला. मानेला वारा लागत होता. निवडून यायलाही मला कधी बोलावं लागलं नाही. माझा कारभारी निकानोर कुळांच्या हातात मतांच्या चिठ्ठ्या द्यायचा, कुळं त्या पेटीत टाकून दारू प्यायची, आणि मी प्रतिनिधी व्हायचो. मागच्या निवडणुकीवर आमच्या पक्षानं बहिष्कार घातला, तेव्हापासून घरी आहे. इथल्या जुन्या मताच्या मंडळींचा अध्यक्ष आहे, म्हणजे पाद्री बाल्दोमेरो जो कागद आणतील त्यावर सही करतो.

आज मृतांचा दिवस, आणि मी तुझ्या आईकडे गेलो नाही. कसा जाणार? सरकारनं कायदा केला, गावची दफनभूमी आता सगळ्यांची, न मानणाऱ्याचीही. त्यावर चर्चनं तिचा आशीर्वाद काढून घेतला आणि श्रद्धावंतांनी तिथे पाऊल टाकू नये असं सांगितलं. सरकार म्हणतं, पुरायचं तर तिथेच. मळ्यावरच्या घरच्या चॅपेलात पुरलंत तर कैद. म्हणजे तुझी आई पवित्र मातीत झोपली होती, ती झोपल्या जागीच बिनआशीर्वादाची झाली. मी पाद्रीबाबांना विचारलं, माझ्या त्रान्सितोचं काय? म्हणाले, "देव बघेल."

पेत्रोनिला मात्र गेली. तुला अंगावर पाजलं ती म्हातारी काठी टेकत, खोकत, लिलीची फुलं घेऊन एकटी गेली. परत आली तेव्हा मी ओसरीत शेगडीपाशी नळीनं माते, आपला कडू पाल्याचा चहा, चोखत होतो.

"बाईसाहेब विचारत होत्या," ती म्हणाली.

"काय?"

"म्हणाल्या, एलिओदोरोचे पाय मोडले की काय."

मी म्हटलं, चर्चची बंदी आहे. ती म्हणाली, "मला नाही बंदी. मला वाचता येत नाही." मग खाली बसली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत कधी ठेवला नव्हता. "मालक, मला तिच्या पायाशी ठेवा. तिनं तसं कबूल केलं होतं, लग्नाला मी तिच्याबरोबर आले तेव्हा. नुसतं बरं म्हणा."

मी बरं म्हटलं. कोणीही काहीही मागितलं की मी बरं म्हणतो.

९ नोव्हेंबर

पेत्रोनिला अंथरुणावर आहे. छातीला मोहरीचं पोटीस लावलं. तिचा मुलगा निकानोर शेतावरून तासातासानं येऊन दारात उभा राहतो आणि जातो. एवढ्या मोठ्या मळ्याचा कारभारी, पण आईच्या दारात पोरासारखा उभा.

पाद्रीबाबा आले होते. तिला मरणाआधीचं पवित्र तेल लावलं, मग मला बागेत घेऊन गेले. म्हणाले, सांतियागोत मोठमोठ्या घरांनी आपली माणसं गुपचूप चर्चमध्ये पुरली आणि दफनभूमीत दगड भरलेल्या पेट्या पाठवल्या. सरकार दगडांना सलामी देतंय! आपल्या तालुक्यातून अजून एकही उदाहरण नाही, पक्ष विचारतोय. मी म्हटलं, माणूस तर जिवंत आहे अजून. ते म्हणाले, "मी घाई कुठे करतोय?"

१६ नोव्हेंबर

पेत्रोनिला पहाटे गेली. मी तुला तार केली. तुझ्या लग्नाला आलो नाही, जावई उदारमतवादी सरकारच्या बाजूचा म्हणून, पण तार करायला तरी मी विसरलो नाही.

पाद्रीबाबा न्याहारीलाच हजर. सगळं ठरवूनच आले होते. दोन पेट्या. म्हातारी आपल्या चॅपेलात, दगड दफनभूमीत. मी म्हटलं, "मी तिला कबूल केलंय." ते म्हणाले, "शापित मातीत ठेवायचं कबूल केलंत? असलं वचन मोडणं हे पुण्य आहे, डॉन एलिओदोरो. शिवाय एका दाईसाठी तुम्ही एवढं केलंत म्हटल्यावर लोकांना कळेल आमचा पक्ष गरिबाचाही आत्मा जपतो."

हे मला पटलं. पटलं म्हणजे, उत्तर सुचलं नाही.

निकानोरला बोलावून मी सांगितलं. तो टोपी हातात घेऊन ऐकत होता.

"आई म्हणाली होती बाईसाहेबांच्या पायाशी."

"तिच्या भल्यासाठीच आहे रे."

"मालकांची मर्जी."

"दगड अक्रोडबागेच्या पडक्या बांधातले घे. पेट्या तूच बनव, तूच ठोक. सुताराला कळता कामा नये."

"मालकांची मर्जी," तो परत म्हणाला. पोराला वाईट वाटलं असणार, पण समजूतदार आहे.

१७ नोव्हेंबर

झालं एकदाचं. दुपारी, सगळा मळा जेवून झोपला होता तेव्हा. ऊन असं की कुत्रीही भुंकली नाहीत. पाद्रीबाबा, निकानोर, मी आणि दोन विश्वासू कुळं. चॅपेलाची फरशी निकानोरनं आधीच उचकटून ठेवली होती. पेटी मला वाटली त्याहून जड. मेलेलं माणूस जड होतं म्हणतात, ते खरंच. खड्ड्यात उतरवताना एका बाजूला कलली आणि आत काहीतरी खडखडलं. मी दचकलो. निकानोर म्हणाला, "लाकडी चपला आहेत तिच्या." पाद्रीबाबांनी हलक्या आवाजात सगळी प्रार्थना म्हटली. मधेच एक कोंबडी आत शिरली, वेदीपर्यंत गेली, आणि कोणीच तिला हाकललं नाही.

निकानोर रडला नाही. त्याचं मन इतकं कठोर असेल असं वाटलं नव्हतं. मी मात्र रडलो, आणि फार दिवसांनी बरं वाटलं. आयुष्यात एक तरी धाडसाचं काम केलं, आणि तेही धर्मासाठी.

पण संध्याकाळी तू आलीस. धुळीनं पांढरी, गाडीतून उतरून थेट दिवाणखान्यात, दुसऱ्या पेटीपाशी. "उघडा. मला बघायचंय तिला."

मी म्हटलं, उन्हाळा आहे, ठोकून टाकली. तू निकानोरकडे बघितलंस, त्यानं खाली बघितलं. मग तू आईची काळी शाल पेटीवर पसरलीस आणि गाल टेकून तिच्याशी बोलत राहिलीस, लहानपणी बोलायचीस त्याच बोबड्या भाषेत. जमलेल्या बायका जप करत होत्या. तुला वाटलं मी दुःखानं बाहेर गेलो. माझी पोर बांधाच्या दगडांना "माझी पेता" म्हणत होती, ते मला ऐकवेना.

सांगायला हवं होतं. दिवाणखान्यातून बाहेर पडताना ओठांवर आलंही होतं. पण तू जाऊन नवऱ्याला सांगशील, आणि तो गव्हर्नरला, अशी भीती वाटली.

१८ नोव्हेंबर

आज लिहवत नाही.

२१ नोव्हेंबर

लिहितो. तू खाली आहेस, माझ्याशी बोलत नाहीस, तेव्हा इथेच लिहितो.

अठरा तारखेला दफनभूमीच्या फाटकात गव्हर्नर डॉन बेलिसारियो दोन शिपाई घेऊन उभा होता. त्याचं ते आता रोजचंच काम, कागद बघायचा आणि आत सोडायचं. अख्खा मळा मागे चालत होता. निकानोर आणि तीन जण पेटी खांद्यावर घेऊन, ऊन डोक्यावर, चौघांचे शर्ट भिजलेले.

बेलिसारियोनं कागद बघितला, टोपीला हात लावला, आणि हसत म्हणाला, "काय हो डॉन एलिओदोरो, म्हातारी तर चिमणीएवढी होती. चौघं घामाघूम झालेत! दगडबिगड खात होती की काय?"

चेष्टा होती. आता कळतं, नुसती चेष्टा होती. तो बाजूला झालासुद्धा होता. पण माझ्या कानात काहीतरी शिट्टी वाजल्यासारखं झालं. कैद, वर्तमानपत्रं, तू शेजारी उभी. आणि मी ओरडलो. क्लोरिंदा, तू ऐकलंसच, पण मला ते माझ्या हातानं लिहायचंय. मी ओरडलो, "मला काही माहीत नाही! दगड असतील तर निकानोरनं भरले असतील! पेटी त्यानं ठोकलीय!"

सगळे थांबले. बेलिसारियोचं हसू गेलं. "खाली ठेवा," तो म्हणाला.

निकानोरनं पेटी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. रस्ता विचारतो माणूस, तसं. मग गव्हर्नरला म्हणाला, "उघडू नका साहेब. आई आहे माझी."

आणि मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, वा, किती सफाईनं खोटं बोलतो! मी गप्प राहिलो.

"तुझे मालकच म्हणतात दगड आहेत," बेलिसारियो म्हणाला. "आता मला उघडावीच लागेल. आण रे पहार."

"मी उघडतो," निकानोर म्हणाला. "माझे खिळे आहेत."

त्यानं एकेक खिळा काढला. तपकिरी झग्यात, हातात जपमाळ, हनुवटीला रुमाल बांधलेला, पेत्रोनिला होती. भर उन्हात, सगळ्या गावासमोर. माश्या आल्या.

शिपायांनी टोप्या काढल्या. बेलिसारियोनंही काढली, तो देव मानत नाही तरी. म्हणाला, "झाका. माफ करा, बाई." बाई कोणाला म्हणाला कळलं नाही, तुला की तिला. तू शाल उचलून तिच्या तोंडावर पसरलीस आणि मागे वळून न बघता मला विचारलंस, "मग चॅपेलात कोणाला पुरलंत, बाबा?"

म्हणजे तुला तेवढ्यातच सगळं कळलं होतं. सगळ्यांनाच कळलं होतं. तिथे सगळ्यात शेवटी मला कळलं.

२३ नोव्हेंबर

निकानोर किल्ल्या घेऊन आला. कोठाराची, दारूच्या तळघराची, चॅपेलाची. मेजावर ओळीनं ठेवल्या.

"तू मला फसवलंस," मी म्हटलं. कुठून तरी सुरुवात करायची होती.

"नाही मालक. तुम्ही म्हणालात दगड भर, भरले. कुठल्या पेटीत, ते तुम्ही बघायला आला नाहीत."

"मला सांगितलं असतंस तर?"

"तर तुम्ही पाद्रीबाबांना सांगितलं असतंत."

खरं होतं. मी म्हटलं, "मी घाबरलो रे."

"माहीत आहे. तुम्ही घाबरता ते सगळ्यांना माहीत आहे. मी तुमच्यासाठी कैदेत गेलो असतो, मालक. नुसतं माझ्याकडे बघून सांगायचं, निकानोर, जा. गेलो असतो. पण आईची पेटी उघडायला लावलीत." मग म्हणाला, "तिला लाज वाटायची हो, लोकांसमोर केस मोकळे असायची सुद्धा."

तो उत्तरेकडे सोऱ्याच्या खाणींवर जातोय. तू त्याला म्हणालीस, वाल्पाराइसोपर्यंत माझ्याबरोबर चल, जहाज मिळेपर्यंत आमच्याकडे राहा. मला म्हणालीस, "येते." एवढंच. गाडी पॉपलरच्या रांगेआड जाईपर्यंत मी उन्हात उभा होतो. टोपी घातली नव्हती. आता डोकं दुखतंय.

१ डिसेंबर

पाद्रीबाबा वर्तमानपत्र नाचवत आले. सांतियागोच्या आमच्या पक्षाच्या पत्रात पहिल्याच पानावर: नास्तिक सरकारच्या गव्हर्नरनं एका धर्मनिष्ठ वृद्धेची पेटी फोडली, आणि डॉन एलिओदोरो बाराओना यांनी "एकट्यानं आवाज उठवला". आवाज! माझं नाव छापून यायची ही पहिलीच वेळ.

"पण मी तर..."

"तुम्ही ओरडलात की नाही?"

"ओरडलो."

"झालं तर. कशासाठी ओरडलात ते छापलेलं नाही." मग जवळ सरकून म्हणाले, "आणि चॅपेलाबद्दल एक अक्षर नको. मी बांधाच्या दगडांवर अख्खी प्रार्थना म्हटलीय, लॅटिनमधून. बिशपसाहेबांना कळलं तर मला तोंड दाखवायला जागा नाही."

पुढच्या निवडणुकीत मला सिनेटसाठी उभं करणार आहेत. आठ तारखेला मेरीमातेच्या सणाला मेजवानी आहे, सांतियागोहून पुढारी येणार, मी चार शब्द बोलायचे.

मला आनंद झाला, हेही लिहितो. सिनेटरच्या खुर्च्यांना मखमल असते. मग आरशात बघितलं आणि नजर काढून घेतली.

८ डिसेंबर

द्राक्षवेलीच्या मांडवाखाली लांब मेजं. कोकरू, चेरी, पाहुणे. पुढाऱ्यांनी माझा हात सोडलाच नाही. मी उठलो. आदल्या दिवशी ठरवलं होतं, खरं ते सांगायचं. म्हटलं, "मंडळी, त्या दिवशी फाटकात मी माझ्या माणसावर आळ घेतला. मी म्हणालो, त्यानं दगड भरले..."

"आळ सरकारवर घ्या!" कोणीतरी ओरडलं. सगळे हसले, टाळ्या पडल्या. मी म्हटलं, ऐका, दगड मीच भरायला सांगितले होते. मला वाटतं मी हे म्हटलं. पाद्रीबाबांनी मागून माझा कोट ओढला आणि "डॉन एलिओदोरो यांना गहिवरून आलंय" असं सांगून पेला उंचावला. सगळ्यांनी पेले उंचावले. मी खाली बसलो.

सर्वांत लाजेची गोष्ट ही, की खाली बसल्यावर मला हायसं वाटलं. आणि मी चेरी खाल्ल्या.

११ डिसेंबर

काल सकाळी मी स्वतः चॅपेलाची फरशी उचकटली. माझ्यानं होईना, तेव्हा त्या दोन कुळांना बोलावलं. त्यांनी विचारलं नाही काय आहे आत. त्यांनीच तर उतरवली होती. पेटी तिथेच उघडली. दगड निकानोरनं गवतात नीट बसवले होते, आवाज येऊ नये म्हणून, तरी एक सुटा राहिला होता. पाद्रीबाबा धावत आले. म्हणाले, "ही पावन केलेली पेटी आहे!" मी म्हटलं, "मग हे दगड पावन झाले. बरंच झालं." हे उत्तर मला कसं सुचलं कोणास ठाऊक. ते म्हणाले, हे पक्षाला कळवावं लागेल. मी म्हटलं, कळवा. सिनेट गेलं म्हणायचं. मखमल गेली.

दगड बैलगाडीत भरले आणि मी गाडीवर बसून गावातून निघालो. बाजार होता. लोक बघत होते, एकजण म्हणाला, "म्हातारा दगड विकायला निघालाय." मी मान खाली घातली नाही. म्हणजे, घातली होती, मग वर केली.

फाटकात बेलिसारियो. मला बघून त्याला संकोच वाटला, पण सवय जात नाही. "आज काय आणलंत, डॉन एलिओदोरो? उघडून बघावं लागेल की काय?"

"बघा," मी म्हटलं. "दगड आहेत. माझे आहेत."

त्यानं बघितले. मग एका बाजूनं गाडीला हात लावून चाक उंबऱ्यावरून चढवलं.

क्लोरिंदा, मी तुझ्या आईला भेटलो. आशीर्वाद असो नसो, तिथे लिली वाळलेल्या होत्या, पेत्रोनिलानं त्या दिवशी ठेवलेल्या. तिच्या पायाशी पेत्रोनिलाची माती अजून ताजी आहे. मी पाय धरायला वाकावं तसा वाकलो आणि कंबर धरली, बेलिसारियोनं उठवलं. दोघींभोवती मी अक्रोडबागेसारखा बांध घालायला घेतलाय, चुन्याशिवाय, दगडावर दगड. एका बाजूला माझ्यापुरती जागा ठेवली आहे. चॅपेल नको. पाद्री येणार नाहीत तर न येवोत, तू आणि निकानोरनं 'आमच्या बापा' ही प्रार्थना म्हटलीत तरी पुरे.

पण कोपरा बसत नाही. तीनदा रचला, तीनदा ढासळला. कोरडा बांध घालणं निकानोरला येतं, त्याच्या बापालाही येत होतं, मला येत नाही. मी फक्त मालक होतो.

ही वही मी तुला पाठवतो आहे. मला ती कोणी वाचावी असं वाटत नव्हतं, म्हणून ती तू वाच, आणि त्याला वाचून दाखव, एकवीस तारखेचं पान वगळू नकोस. त्याच्या किल्ल्या मी मेजावर त्यानं ठेवल्या तशाच ओळीनं ठेवल्या आहेत. पण त्या घ्यायला ये असं म्हणायचं तोंड मला नाही. एवढंच विचार, कोपऱ्याला मोठा दगड आधी खाली ठेवायचा की आतल्या अंगाला. जहाज निघालं असेल तर उत्तरेचा पत्ता कळव. नसेल निघालं तर तेही कळव. जावयाला माझा नमस्कार सांग. तुझं पत्र आलं का बघायला मी रोज गाडीच्या वेळेला स्टेशनवर माणूस पाठवतो आहे, तो रिकाम्या हातानं येतो. पोरी, लवकर कळव.